शेवटच्या बांधीपर्यंत

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन रेघा ओढल्या.
दोन्ही उतरत्या. एक जरा हळू उतरणारी.
"औषधानं एवढा फरक पडतो," म्हणाल्या
आणि पेनाचं टोक दोहोंच्या मधे ठेवलं.
त्या फटीत माझ्या करंगळीचं नखही मावलं नसतं.

"म्हणजे किती?"
"काही महिने."
"कोणते? रोवणीचे का कापणीचे?"
त्या हसल्या. मी गंमत केली नव्हती.

हे कागदाकडे बघत होते,
बत्तीस वर्षं तलावाच्या पारीवरून बघायचे तसे.
गावाचे पाणकर.
कोणाच्या बांधीत किती वेळ पाणी, सगळं डोक्यात,
वही कधी ठेवली नाही.
आता वही मी ठेवते.

अंगणवाडीचं जुनं रजिस्टर घेतलं,
वजन आणि उंची खोडून वर लिहिलं:
पंधरवड्यावाली. महिन्यावाली.
खरी नावं जिभेवर टिकत नाहीत.

पंधरवड्यावाली: तासभर सलाईन.
पहाटे साकोलीची गाडी, तिथून नागपूर, महिन्यात दोन खेपा.
पुढे अंतर वाढवतात म्हणे, पण चालूच ठेवायची.
महिन्यावाली: अर्धा तास, एक खेप,
आणि गाळ निघाला असं फोटोत दिसलं
तर थांबवता येते.
मेंदूवर सूज, बारीक रक्तस्राव: दोन्हींत.
महिन्यावालीत जास्त.
मशीनमधे डोकं घालून तपासणं: दोन्हींत, पुन्हा पुन्हा.
गेलेलं परत येणं: कोणत्याच रकान्यात नाही.
तुडुमाचं बूच घट्ट बसवल्यानं तलाव भरत नाही,
हे मला कोणी सांगायला नको होतं.
पैशांचा रकाना मी दुमडून ठेवलाय.

जावई म्हणाले, कमी खेपा, तीच घ्या.
मुलगी म्हणाली, सूज कमी, तीच घ्या.
दोघं पुण्यात एकाच घरात बसून
दोन फोनांवरून बोलत होते.

मग मी यांनाच विचारलं,
तलावाचा गाळ काढायचा तर कसा काढावा?
सकाळी चप्पल फ्रिजवर ठेवून आलेला माणूस
खाटेवर ताठ बसला.
"एकदम नाई उपसाचा.
जुना गाळ पारीले धरून रायते.
जोरानं ओढला का पार झिरपते मंग.
थोडा थोडा काढाचा. रोज पार पाहाची."
थांबले. बोटांवर काहीतरी मोजलं.
"पन उन्हारा किती उरला, तेबी पाहा लागते."

रक्ताची एक तपासणी बाकी आहे.
आईकडून काय आलं, बापाकडून काय आलं.
दोन्हीकडून तेच आलं असेल
तर पार फुटायची धास्ती जास्त.
सासूबाई शेवटी मला विचारायच्या, बाई, तू कोणाची?
सासरे चाळिशीतच वीज पडून गेले,
विसरण्याइतके जगलेच नाहीत.

दवाखान्यातल्या खिडकीवर पोरगी म्हणाली, पेशंटचं नाव?
बेचाळीस वर्षांत उखाण्याबाहेर घेतलं नव्हतं.
"आसाराम कापगते," मी म्हटलं,
आणि मागे बाकावरून ते म्हणाले, "हाव,"
हजेरी द्यावी तसे.
तेव्हापासून घरातही म्हणते. दिवसातून दोनदा, तीनदा.
गावात बाया हसतात. हसू देत.

काल मध्यरात्री उठून बसले.
"आज कोनाची पारी?"
"शेवटच्या बांधीची," मी म्हटलं, दुसरं काही सुचलं नाही.
"मंग जागाच रायतो," म्हणाले.
"वरचे लोक अंधारात पानी फोडतेत."
कंदील मागितला. मी मोबाईलची बॅटरी लावून दिली,
ती हातात धरून
उजाडेपर्यंत दाराकडे तोंड करून बसले.

रजिस्टरात अजून कुठेच खूण नाही.
सोमवारी रक्त द्यायला जायचंय.
उपाशी जायचं की खाऊन,
तेवढं विचारायचं राहिलं.